पाणी त्यांचं, गारवा आपला

आवाज थांबला म्हणून सिंधूला जाग आली. रात्रपाळी करून ती सकाळी नऊला घरी आली होती, दोन घास खाऊन पंख्याखाली आडवी झाली होती, आणि आता दुपारचे तीन वाजत होते. पंखा फिरत होता, म्हणजे लाइट होती. खाली गल्लीत टँकरच्या वाटेवर ठेवलेल्या घागरींवरून कुणाचं तरी जुंपलं होतं, तेही ऐकू येत होतं. तरी घर एकाएकी मोठं झाल्यासारखं वाटलं. वॉर्डात एखाद्या म्हाताऱ्याचा घरघरणारा श्वास थांबला की डुलकी लागलेली नर्ससुद्धा डोळे उघडते. वीस वर्षांच्या नोकरीनं लावलेली ती सवय. ती उठून बसली, कान देऊन ऐकत राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. स्वयंपाकघरातला फ्रिज बंद पडला होता.

गेला महिनाभर तो सारखा चालू असायचा. आधी मधूनमधून थांबायचा, मग ते थांबणंही बंद झालं. तिनं बटण खाली-वर केलं, प्लग काढून पुन्हा लावला, दार उघडलं. आतला दिवा लागला, पण नेहमीची थंडी नव्हती. दमट, भाजीचा वास तेवढा अंगावर आला. वरच्या बर्फाच्या कप्प्यात चार भांडी एकमेकांना खेटून बसली होती. दोन स्टीलचे डबे, एक ॲल्युमिनिअमचं पातेलं आणि समोरच्या कुसुमबाईंचा पितळी गडू. चारांतलं एकही तिचं नव्हतं. गल्लीतल्या बायका सकाळी आपापल्या घरचं पाणी भरून भांडं आणून ठेवत आणि संध्याकाळी बर्फ घेऊन जात. तीन उन्हाळे हे चाललं होतं. सिंधूनं भांडी एकेक करून ओट्यावर काढली. गडूला बाहेरून पाणी सुटलं होतं. तो हातातून निसटला, आडवा झाला आणि निम्मं पाणी फरशीवर सांडलं. आतला बर्फाचा गोळा गडूतच राहिला. तिचं मन चरकलं. नळ आठव्या दिवशी येत होता. ते पाणी तिनं फडक्यानं टिपून बादलीत पिळलं, आणि आपल्या माठातलं दोन ओगराळी पाणी गडूत घालून तो पहिल्यासारखा काठोकाठ भरून ठेवला.

पाचच्या सुमाराला कुसुमबाई आल्या. त्यांचे यजमान श्रीपादराव हायस्कुलात शिक्षक होते. घर अगदी समोर, मध्ये बारा पावलांचा रस्ता.

"काय हो सिस्टर, झोपल्या होत्या का? बर्फ झाला असेल ना? आज नांदेडहून आमचे दीर येणारेत, सरबत करीन म्हणते."

"फ्रिज बंद पडला दुपारी."

"अगं बाई! आजच बिघडायचं होतं का त्याला." त्यांनी ओट्यावरचा गडू उचलला, आत डोकावून पाहिलं. "गार आहे तरी. चालेल."

"काढताना थोडं सांडलं," सिंधु म्हणाली. "मी माझ्या माठातलं घालून भरून ठेवलंय. बसा ना, चहा टाकते."

"नको नको, आत्ताच झाला," कुसुमबाई म्हणाल्या, नेहमी म्हणत तशाच. पण त्याआधी क्षणभर त्यांचा गडूवरचा हात बदलला होता. तळव्यानं धरलेला गडू त्यांनी बोटांनी धरला. मग त्या हसल्या आणि गेल्या.

सिंधु खिडकीशी गेली ती काही पाहायला म्हणून नाही. झोप अर्धवट झाली होती, डोकं जड होतं, जरा वारं लागावं एवढंच. कुसुमबाईंनी रस्ता ओलांडला, फाटक उघडलं. फाटकाच्या आत भिंतीलगत एक बोगनवेल होती, पाण्यावाचून वाळून काटे उरलेली. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं नाही. वाकून गडू उपडा केला. पाणी जमिनीवर पडता पडताच दिसेनासं झालं. बर्फाचा उरलेला पापुद्रा मातीवर राहिला, उन्हात एकदा चकाकला. मग त्या मोकळा गडू घेऊन आत गेल्या.

खिडकीचे गज तापलेले होते हे तिला नंतर, तळहात भाजल्यावर कळलं. पाणी ओतून दिलं. ह्या वर्षी, ह्या गल्लीत, जिथे भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं मोरीला वापरतात, तिथे गडूभर प्यायचं पाणी. ती आत येऊन आईच्या बाजेवर बसली. लगेच तिचं मन बाजू मांडू लागलं. झाडाला घातलं असेल. गडूत काहीतरी पडलं असेल, चिलट, केस. दीर सोवळ्यातले असतील. एकेक कारण ती औषधाच्या बाटल्यांसारखं उचलून पाहत होती आणि परत ठेवत होती. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो पहिल्या दिवसापासून होता. घरमालकानं आडनाव विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं होतं, सोनकांबळे, मुखेडकडचे. ते म्हणाले होते, सरकारी नर्स आहात, आम्हाला आधारच होईल. तेव्हा जिल्हा नवा होता. दवाखान्यातल्या फॉर्मांवरचं उस्मानाबाद खोडून वर लातूर असं हातानं लिहावं लागायचं, रोज शंभर वेळा. सगळं नवीन, साहेब नवीन, कुलपं नवीन. नांदेडची पंधरा वर्षांची नोकरी सोडून ती बदलीवर आली ती याच भरवशावर की नव्या गावात कुणीच जुनं नसतं.

आणि आई. सरजाबाई तिच्याबरोबर आली तेव्हा साखरेनं निम्मी झाली होती. दोन वेळा सुई लागायची. इन्सुलिनची बाटली सिंधु सुरुवातीला मडक्यात ओल्या वाळूत पुरून ठेवायची. उन्हाळ्यात वाळू ओली ठेवण्याएवढंही पाणी नसे. म्हणून बदली होऊन चाललेल्या एका डॉक्टरीणबाईंकडून तिनं हा फ्रिज घेतला, जुना, दार जरा ओढून लावावं लागणारा. गल्लीतला पहिला. फ्रिज आल्यावर आठच दिवसांत कुसुमबाई गडू घेऊन आल्या. "पाणी भरूनच आणलंय हो. दुष्काळात तुमचं कशाला खर्च करायचं?" सिंधूला तेव्हा ते किती समजूतदार वाटलं होतं. तिनं वॉर्डात दुसऱ्या नर्सला सांगितलंही होतं, आमच्या शेजारणी फार चांगल्या आहेत. हे आठवून आता तिचे कान गरम झाले.

सिंधु ड्यूटीवर गेली की आई दारात बसायची. बायका येत, आत जाऊन भांडं ठेवत, जाताना उंबऱ्याशी दोन शब्द बोलत. भाव काय, नळ कधी, पाय दुखतात का. आई त्यांची वाट पाहायची. एकदा, दुसऱ्याच उन्हाळ्यात असेल, सिंधु सुईसाठी आईच्या दंडावर स्पिरिट लावत होती आणि सहज म्हणाली होती, "आई, ह्या बाया आपल्याकडं घोटभर पाणी कधी पीत नाहीत, ध्यानात आलं का?" आईनं तोंड भिंतीकडे केलं. सुईची तिला भीती वाटायची, म्हणून असेल असं सिंधूला वाटलं. "येऊ दे की गं," आई म्हणाली. "पाणी त्यायचं, गारवा आपला. आपलं काय जायलंय?" सिंधु हसली होती. आईचं बोलणं असंच असायचं, उखाण्यासारखं.

आईला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी गडू आला तेव्हाच तिनं तो ओळखला असणार. तिला विहिरीचा अनुभव होता, खाली घागर धरून वरून कुणी पाणी घालील याची वाट पाहण्याचा. बाहत्तरच्या दुष्काळातला आणि त्याच्याही आधीचा. धार किती उंचावरून पडती त्याच्यावरून मला वरची बाई वळखू येती, मान वर करायची गरज न्हाई, असं ती एकदा सांगत होती, आणि नातवंडांना गोष्ट सांगावी तशी हसत सांगत होती. मग ती गप्प का राहिली? दारात बसून त्यांना या म्हणत, पाय दुखतात का विचारलं की खुलत, तिनं दोन उन्हाळे काय केलं? सिंधूला उत्तर समोर दिसत होतं आणि ते पाहावंसं वाटत नव्हतं. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत त्या घरात दुसरा माणूस नव्हता. मुलगी दवाखान्यात परक्यांची नाडी धरून बसलेली. दोन शब्दांसाठी आईनं ते भांडं आत येऊ दिलं होतं. मागच्या दिवाळीनंतर ती गेली, तेव्हा चारही घरच्या बायका आल्या होत्या, रडल्या होत्या. ते रडणं खोटं नव्हतं. प्रेतं आणि रडणारे पाहण्यात सिंधूचं आयुष्य गेलं होतं, तिला खरं-खोटं कळत होतं. तेच अवघड होतं.

दोन दिवसांनी ईश्वरप्पा मिस्त्री आला. उदगीरकडचा, पन्नाशीचा, कानात बाळी, खांद्याला हत्यारांची पिशवी. फ्रिज भिंतीपासून ओढून तो मागे जाऊन बसला, तार लावून पाहिली, कॉम्प्रेसरवर कान टेकवला, अगदी डॉक्टरासारखा.

"अक्का, मशीन गेलंय बघा. नुसता गॅस भरायचा असता तर आत्ताच चालू करून दिलो असतो." तो हात पुसत उठला. "पाणी द्या जरा." तिनं तांब्या दिला. त्यानं बसून, तोंड लावून तो रिकामा केला आणि मिशा पुसल्या. "दोन रस्ते हायत. सोलापूरहून दुसरं मशीन मागवतो, बसवतो. खोकं मजबूत हाय, आणखी पाच-सहा वर्षं बघायला नको. न्हाईतर हे देऊन टाका अन् नवाच आणा. आता नव्या फॅशनचे निघालेत, कमी आवाजाचे. घरात माणसं किती?"

"मी एकटीच."

"एकटं माणूस?" ईश्वरप्पा खरोखरच विचारात पडला. "मग कशाला लागतंय अक्का फ्रिज?"

"विचार करून सांगते," सिंधु म्हणाली.

आणि ती विचार करत राहिली, पंधरा दिवस. फ्रिज खोलीच्या मध्यावर तसाच तिरका उभा होता. भिंतीशी परत ढकलायला एकटीचं बळ पुरत नव्हतं. येता-जाता त्याच्या कोपऱ्याला खांदा लागायचा. पहिल्या दिवशी बाकीच्या बायका येऊन आपापली भांडी घेऊन गेल्या, हळहळल्या. त्यानंतर कुणीच आलं नाही. एकदा दारात पावलं वाजली म्हणून ती केस सावरून उठली, तर ती दुसऱ्या कुणाकडे आलेली बाई घर चुकली होती. आपण केस सावरले, हे तिला दिवसभर सलत राहिलं. संध्याकाळी पाच वाजले की काहीतरी करायचं राहिल्यासारखं वाटायचं. आईलाही असंच पाच वाजायचे का? मशीन बसवून घ्यावं, असं मग वाटायचं. काय बिघडलं? आपलं काय जायलंय? सकाळी चार भांडी येतील, संध्याकाळी जातील, कुणी म्हणेल सिस्टर दमल्या दिसता. वाक्य आईचं होतं, आणि ते आपल्या तोंडात किती सहज बसतं याची तिला भीती वाटली. मग नवा घ्यावा, ईश्वरप्पा म्हणतो तसा, बिनआवाजाचा. पण गडू नव्यातही बसला असता. मग काहीच नको, माठ आहे. पण माठाकडे कोण येणार?

दवाखान्यात मात्र श्वास घ्यायला फुरसत नव्हती. टँकरच्या पाण्यानं गावोगावची पोरं जुलाबानं येत होती. मीठ-साखरेच्या पाण्याची बादली भरून सिंधु खाटेखाटेला फिरायची, वाटी तोंडाला लावायची. सगळे पीत होते. गेल्या वर्षी याच वॉर्डात कुसुमबाईंची धाकटी मुलगी दोन दिवस होती, डोळे खोल गेलेली. सिंधूनं ड्यूटी संपल्यावरही थांबून चमच्या-चमच्यानं तिला पाणी पाजलं होतं, आणि मुलीनं पहिल्यांदा "आई" म्हणून हाक मारली तेव्हा कुसुमबाईंनी सिंधूचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले होते. कपाळाचा तो घाम तिला आठवत होता. त्या हातांचं पाणी दवाखान्यात चालतं आणि बारा पावलांवरच्या घरात चालत नाही. हे कुठे बदलतं? फाटकाशी? तिच्या उंबऱ्याशी? वाटी धरून ती मध्येच थांबायची आणि खाटेवरची बाई म्हणायची, "सिस्टर, द्या की."

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी टँकर आला तेव्हा तिची सुट्टी होती. रांगेत कुसुमबाई तिच्या पुढेच होत्या, दोन घागरी आणि एक डबा घेऊन. उन्हानं त्यांचं नाक सोललं होतं.

"फ्रिजचं काय ठरवलं सिस्टर? दुरुस्त करताय का नवा घेताय? मुलं रोज विचारतात."

सिंधूनं पंधरा दिवसांत या क्षणासाठी पुष्कळ वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"तुम्ही गडू ओतलेला मी पाहिला," ती म्हणाली.

रांग एक पाऊल पुढे सरकली. कुसुमबाईंनी घागर उचलली, पुढे ठेवली. त्या मागे वळल्या नाहीत. "आमच्या सासूबाईंना..." असं म्हणून त्या थांबल्या. सासूबाई संक्रांतीपासून नांदेडला होत्या, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. टँकरच्या नळीतून पाणी कुणाच्या तरी पिंपात आदळत होतं.

"मी ठरवून नाही ओतलं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "खरंच सांगते. हातानंच ओतलं. ओतल्यावर मला रडू आलं."

"कशाचं?"

कुसुमबाई आता वळल्या. त्यांना खोटं बोलता आलं असतं, सिंधूनं ते ऐकूनही घेतलं असतं.

"पाणी वाया गेलं, त्याचं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांची पाळी आली. सिंधूची पाळी आली. दोघी आपापल्या घागरी घेऊन घरी गेल्या.

घरी येऊन सिंधूनं घागर ठेवली आणि ती तिरक्या उभ्या फ्रिजला पाठ टेकून फरशीवर बसली. तिला राग यायला हवा होता. तो येत होता, पण त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी येत होतं. एवढं खरं उत्तर तिला या गावात कुणी दिलं नव्हतं. आईला तर कुणीच दिलं नव्हतं. आईनं विचारलंच नव्हतं. तिला आईचा राग आला, पहिल्यांदाच, आणि तो आल्याबरोबर ती रडली. मेल्यानंतर सहा महिन्यांनी, भर दुपारी, पदर तोंडात धरून. दवाखान्यातल्या नर्सनं कसं रडायचं असतं ते तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं. आवाज काही आला नाही. रडून झाल्यावर तोंड धुवायला तिनं पाणी घेतलं नाही. चप्पल घातली आणि ईश्वरप्पाच्या दुकानात गेली.

"मशीन मागवा सोलापूरहून."

"नवा न्हाई घेत?"

"नाही. हाच नीट करा."

"एकटीला?"

"हो," सिंधु म्हणाली. "मला गार पाणी प्यायचंय."

आठ दिवसांनी फ्रिज चालू झाला. त्या संध्याकाळी तिनं त्यात चार बाटल्या भरून ठेवल्या आणि ड्यूटीवरून आल्यावर पेला भरून प्यायली. दात ठणकले. तीन उन्हाळे हा गारवा तिच्या घरात होता आणि तिनं तो कधी चाखला नव्हता. बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. सकाळीच कोपऱ्यावरच्या चंद्रप्रभाबाई डबा घेऊन दारात हजर.

"भांडं नको," सिंधु म्हणाली. आवाज चढला नाही, याचं तिला समाधान वाटलं. "बर्फ आहे. माझ्या पाण्याचा. लागेल तेवढा न्या, रोज न्या."

चंद्रप्रभाबाईंनी डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "नंतर येते," म्हणाल्या. त्या आल्या नाहीत. बाकीच्याही आल्या नाहीत. बाजारपेठेत एका दुकानदारानं बर्फाची लादी आणून भुशात ठेवायला सुरुवात केली होती. पोरं तिथून पिशवीत बर्फ आणताना दिसायची. सिंधूच्या कप्प्यात बर्फ साचत गेला, दार लागेना, तिला तो खरवडून काढून बादलीत टाकावा लागला. ती ते पाणी आंघोळीला वापरायची. दोनदा मनात आलं, सांगावं, आणा भांडी, काय त्यात. त्या दोन्ही वेळा तिनं रेडिओ लावला.

जूनच्या तोंडाशी एका दुपारी कुसुमबाई आल्या. हातात काही नव्हतं, म्हणून हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. आकाश पांढरं होतं, पावसाचं चिन्ह नव्हतं. त्या उंबऱ्याच्या आत आल्या आणि फोटोखालच्या चटईवर बसल्या. तीन वर्षांत त्या या घरात कधी बसल्या नव्हत्या.

"पाणी द्या," त्या म्हणाल्या.

सिंधूनं बाटलीतलं पाणी तांब्यात ओतलं, त्यावर पेला ठेवला, आणून समोर ठेवला. तिनं हे शेकडो वेळा केलं होतं, परक्यांसाठी, पण आता तिला आपल्या मनगटाची नाडी जाणवत होती. कुसुमबाईंनी पेला बाजूला ठेवला. तांब्या उचलला, मान मागे टाकली आणि वरून धार धरून पाणी प्यायल्या. गळा वर-खाली होत होता. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळून पोलक्यावर गेलं. पुष्कळ बायका असंच पितात. आईसुद्धा असंच प्यायची. ही सवय की ते दुसरं, हे सिंधूला सांगता येईना, आणि कुसुमबाईंनाही कदाचित येत नसेल. तिनं विचारलं नाही. एका उन्हाळ्यात एकच प्रश्न पुरे होता.

मग त्या दोघी बसून राहिल्या. भाव, नळ, पाय हे सगळं उंबऱ्याशी उभ्यानं बोलायचं असतं. बसल्यावर काय बोलतात ते त्यांना एकमेकींबरोबर ठाऊक नव्हतं. कुसुमबाईंनी चटईची एक काडी सुटली होती ती आत खोचली.

"तुमची आई मला कुसे म्हणायची," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी म्हणतात तसं."

"मला ठाऊक नव्हतं."

"रोज बस म्हणायची. मी म्हणायची, काम आहे." मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी वर पाहिलं. "सिस्टर, तुमचं नाव काय हो?"

"सिंधु."

"सिंधु," कुसुमबाई म्हणाल्या. पुन्हा एकदा, नुसत्या ओठांनी, म्हटलं. "चांगलं आहे नाव. माझ्या थोरल्या बहिणीचं हेच."

समोरच्या घरातून मुलीनं हाक मारली. कुसुमबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पदर सारखा केला, उंबऱ्याशी जाऊन चप्पल पायानं शोधू लागल्या.

"बरं सिस्टर," त्या म्हणाल्या, "येते मी."